आधी नजर, मग थेंब

आजी तक्त्यासमोर बसल्या. त्यांचा डावा डोळा झाकला आणि मी सगळ्यात वरच्या, लांबूनही अंगावर येईल अशा मोठ्या अक्षराकडे बोट दाखवलं. "नाही दिसत गं." दुसरी ओळ? "नाही दिसत." केस पेपरवर मी तसं लिहिणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "सव्वाअकरा झाले की! साडेअकराची येष्टी गाठायचीय मला." घड्याळ तक्त्याच्या शेजारीच, त्याच भिंतीवर होतं.

आजी शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. अक्षर दिसत होतं, ओळखता येत नव्हतं. आणि चारचौघांत "मला वाचता येत नाही" म्हणण्यापेक्षा "दिसत नाही" म्हणणं सोपं असतं. मग मी इंग्रजी 'ई'च्या आकाराचा तक्ता काढला. त्यात वाचायचं काही नसतं, दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. आजी ६/१२ च्या, म्हणजे बऱ्याच खालच्या ओळीपर्यंत न अडखळता गेल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांची गाठ पडण्याआधी अर्धापाऊण तास पेशंट आमच्या ताब्यात असतो. आमचं नाव नेत्र तंत्रज्ञ. सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असं भारदस्त पद आहे. पेशंटच्या भाषेत मात्र 'नंबर काढणारी ताई'. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं. पुढे तिथे एवढ्या प्रचंड संख्येने शस्त्रक्रिया होऊ शकल्या, त्यामागे खेड्यापाड्यांतल्या मुलींना शिकवून तयार केलेली तंत्रज्ञांची फळी आहे. मोजणी त्यांनी करायची, निर्णय आणि चाकू डॉक्टरांचा.

या कामात यंत्रं हाताळणं सगळ्यात कठीण असेल असं बाहेरून वाटतं. यंत्र चार दिवसांत येतं. अंगात मुरायला वेळ लागतो तो क्रम. डोळा हा असा अवयव आहे की त्याची एक तपासणी केली की पुढची थोडी तरी बिघडते. टॉर्च मारला की काही मिनिटं नजर दिपलेली. बधिर करणारा थेंब टाकला की बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, पृष्ठभाग कोरडा पडू लागतो. बाहुली मोठी केली की बाहुलीची तपासणी त्या दिवसापुरती गेलीच. म्हणून पहिल्या दिवशी शिकवतात ते वाक्य: आधी नजर, मग थेंब.

नजरेचा आकडा म्हणजे ते ६/६ किंवा ६/६०. वरचा सहा म्हणजे पेशंट तक्त्यापासून सहा मीटरवर आहे. खालचा आकडा सांगतो की निरोगी डोळ्याला ते अक्षर किती मीटरवरून वाचता आलं असतं. ६/६० म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारं अक्षर याला सहावर यावं लागतं. हा हिशेब नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली बसवला. वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग म्हणजे एक मिनिट. ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करतं आणि त्याची प्रत्येक रेघ एका मिनिटाचा. मोजपट्टीवर ते अक्षर भरतं जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. खोली सहा मीटर नसेल तर तीन मीटरवर आरसा लावतात आणि उलटा छापलेला तक्ता पेशंटच्या डोक्यावर टांगतात. लहान मुलं हमखास मागे वळून बघतात.

बारीकसारीक लबाड्याही बऱ्याच. डोळा बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, म्हणून तळहात. तोही दाबायचा नाही, नाहीतर नंतर त्याच डोळ्याने धुरकट दिसतं. उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डावा डोळा पाठ म्हणतो, म्हणून दुसऱ्यांदा उलटीकडून वाचायला लावायचं. "चष्मा घरी राहिला" हे तर रोजचंच. आणि पेशंट थांबला म्हणून आपण थांबायचं नाही. "अंदाजाने सांगा" म्हटलं की बरेच जण आणखी एक ओळ उतरतात.

वाचन कमी आलं की छिद्राची चकती डोळ्यापुढे धरायची. काळ्या प्लास्टिकला साधारण सव्वा मिलिमीटरचं भोक, एवढंच उपकरण. त्यातून प्रकाशाची बारीक शलाका आत जाते, ती मुळातच इतकी अरुंद असते की पडद्यावर नीट जुळवण्याचं काम डोळ्याला फारसं उरत नाही. चष्म्याचा नंबर असलेला माणूस डोळे किलकिले करून लांबची बस वाचतो ना, तोच प्रकार. चकतीतून नजर सुधारली तर बहुतेक वेळा चष्म्याचं काम आहे. नाही सुधारली तर कारण आत कुठेतरी शोधायचं: मोतीबिंदू, पडदा, मज्जातंतू. साधी चकती, पण पेशंट कुठल्या रांगेत बसवायचा ते तिच्यावर ठरतं.

ज्यांना तक्ताच दिसत नाही त्यांना बोटं मोजायला लावतो, मग हाताची हालचाल, शेवटी टॉर्चचा उजेड. उजेड कुठून येतोय हेही विचारायचं: वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून. मोतीबिंदू पूर्ण पिकला तरी उजेडाची दिशा कळायला हवी. कळत नसेल तर मागच्या पडद्यातच गडबड असण्याची शंका घ्यायची, कारण लेन्स टाकूनही तिथे फार फरक पडणार नाही.

आता माझी एक चूक. नोकरीचं पहिलं वर्ष, ओपीडीत गर्दी, आणि चाळीस किलोमीटरवरून आलेले एक काका, एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागलेले. नजर घेतली आणि पडदा बघायचाच आहे म्हणून सरळ बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. डॉक्टरांनी टॉर्च उचलला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत, पण काकांना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

टॉर्चने त्या काय बघणार होत्या? एका डोळ्यावर प्रकाश टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात, कारण मेंदूकडून हुकूम दोघींना एकदमच जातो. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झटकन नेला आणि दुसऱ्या डोळ्याचा मज्जातंतू दुबळा असला, तर मेंदूला वाटतं उजेड कमी झाला. मग भर प्रकाशात दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात. मार्कस गन या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ही खूण ओळखली जाते. दहा सेकंदांचं काम, वीज लागते ती टॉर्चच्या सेलपुरती, आणि मज्जातंतूबद्दल ती जे सांगते ते पुष्कळ महागड्या यंत्रांना सांगता येत नाही. थेंब टाकल्यावर बाहुली हलतच नाही. मी ती खूण पुसून टाकली होती.

थेंबाआधी आणखी एक गोष्ट बघायची असते. टॉर्च कानाच्या बाजूने, डोळ्याला आडवा धरायचा. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सपाट असेल तर उजेड थेट नाकापर्यंत पोचतो. तो पुढे फुगलेला असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. अशा डोळ्यात जागा अरुंद असते. डोळ्यातलं पाणी या रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कडेच्या कोपऱ्यातून बाहेर झिरपतं. बाहुली अर्धवट मोठी झाली की पडद्याची घडी त्या कोपऱ्यात अडकून निचरा बंद पडू शकतो. हे दवाखान्यात होईलच असं नाही. रात्री घरी कपाळ ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि घरचे पित्ताचं औषध देत बसतात. म्हणून सावली दिसली की बाटली खाली आणि डॉक्टरांना हाक. (संमतीपत्रावर सह्याही थेंबाआधीच घ्याव्यात. नंतर जवळचं वाचता येत नाही, आणि न वाचता केलेल्या सहीला काय अर्थ?)

डोळ्याच्या प्रेशरबद्दल थोडक्यात. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरमध्ये ते साधारण असतं. हवेचा फवारा मारणाऱ्या यंत्रासमोर माणूस दचकतो, श्वास धरतो, पापण्या आवळतो, आणि आकडा चढतो. म्हणून एका फवाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आकडा बुबुळाच्या जाडीवरही अवलंबून असतो: जाड बुबुळ प्रेशर जास्त दाखवतं, पातळ बुबुळ कमी. चष्मा घालवायचं लेसर करून घेतलेल्यांचं बुबुळ पातळ झालेलं असतं. त्यांचा काचबिंदू (प्रेशरमुळे मज्जातंतू खराब करणारा आजार) या खोट्या कमी आकड्यामागे लपू शकतो. "पूर्वी डोळ्याला लेसर केलंय का?" हा प्रश्न म्हणूनच.

क्रमाची खरी परीक्षा होते ती मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. शस्त्रक्रिया जमली, लेन्स डोळ्याने स्वीकारली, पण त्या पेशंट बाईंना दहाच्याही पुढचा मायनस नंबर लागला. कुठल्या डोळ्याला किती ताकदीची लेन्स, हे गणित तेव्हा बसलेलं नव्हतं.

आज ते गणित मुख्यतः दोन मापांवर चालतं: बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी. डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. महागडी यंत्रं प्रकाशाने, स्पर्श न करता मोजतात, पण मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश पार जात नाही आणि हात पुन्हा जुन्या अल्ट्रासाउंडच्या काडीकडे जातो. तिच्या टोकाला डोळा टेकतो, ध्वनी पडद्यापर्यंत जाऊन परत येतो, लागलेल्या वेळावरून यंत्र लांबी काढतं. आता हात जरा जड पडला आणि बुबुळ ०.४ मिलिमीटर दाबलं गेलं, तर डोळा तेवढा आखूड मोजला जातो. आखूड डोळ्याला जास्त ताकदीची लेन्स लागते, म्हणून यंत्र तशी सुचवतं आणि पट्टी सुटल्यावर पेशंटला एक मायनस नंबर जास्तीचा चिकटतो. सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, ही चूक आधीच होऊन बसलेली असते.

काडी टेकवायची म्हणजे डोळा बधिर करावा लागतो, आणि बधिर केलेलं, टोचलेलं बुबुळ वक्रतेचं माप नीट देत नाही. म्हणून वक्रता आधी, लांबी नंतर. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायचं. बऱ्याचदा दुसऱ्यांदा फरक गायब होतो. गायब झाला नाही तर पेशंटला विचारायचं, लहानपणापासून एका डोळ्याचा नंबर जास्त आहे का. "हो, तो आधीपासूनच अधू आहे" असं उत्तर आलं की जिवात जीव येतो.

या सगळ्या क्रमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे तंबाखूमुळे वरचेवर दारात येतो. आजोबांची चुन्याची पुडी पोराच्या हाती लागते. पोरगं ती दाबतं, शिवण फुटते आणि चुना थेट डोळ्यात. इथे नजर, टॉर्च, नाव-पत्ता सगळं नंतर. आधी पाणी. आम्लाने डोळ्यातली प्रथिनं गोठतात आणि त्यांचाच थर आम्लाला काही प्रमाणात अडवतो. चुन्यासारखा अल्क पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत घुसत राहतो. त्यामुळे घरी नळाखाली धरायचं, तूप-मध काही घालायचं नाही, आणि दवाखान्यात बधिर करून सलाईनच्या नळीने किमान अर्धा तास धुवायचं. वरची पापणी उलटून कापसाच्या काडीने चुन्याचे कण काढायचे. तो एक कण राहिला तर पुन्हा चुना सुटत राहतो. पालक म्हणतात, "डोळा लाल नाही झाला, बरंय ना?" आम्हाला त्याचीच भीती वाटते. लाल डोळ्यात रक्तवाहिन्या शाबूत असतात. चुन्याने पांढराफटक पडलेल्या डोळ्यात त्या जळलेल्या असू शकतात.

दोन सलाईनच्या बाटल्या संपतात. पोरगं रडून थकलेलं, आजोबा कोपऱ्यात मान खाली घालून. चुना उरलाय का ते बघायला दहा मिनिटं थांबून लिटमसची पट्टी आधी या डोळ्याला लावते, मग चांगल्या डोळ्याला. दोन्ही पट्ट्यांचा रंग एकच आला की ट्रे बाजूला सारते, पोराचा चांगला डोळा तळहाताने झाकते आणि 'ई'चं कार्ड उचलते. "आता सांग बघू, दांड्या कुठल्या बाजूला?"