कट्टे बारा, नोंद चोवीसची!

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. काट्यावर १२ कट्टे चढले, वजन भरलं ७ क्विंटल २० किलो, ओलावा ११.५ टक्के. काट्यावरच्या मुलानं हे सगळं मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरलं आणि 'सबमिट' दाबलं. पुढचं काम एन-एट-एनसारखं ऑटोमेशनचं साधन करतं. फॉर्ममधली कोणती माहिती डेटाबेसच्या कोणत्या रकान्यात जायची हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलमध्ये एक ओळ घालतं आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतं.

संध्याकाळी शेतकऱ्याचा फोन येतो. "काहो भाऊ, माह्ये कट्टे बारा, अन् मेसेज दोन डाव कसा आला?" टेबलमध्ये त्याच्या नावावर १४ क्विंटल ४० किलो जमा आहे.

अशा वेळी लोक काट्यावरच्या मुलाला धारेवर धरतात. ते मला पटत नाही. टॉवर लांब, रेंज येते-जाते. 'सबमिट' दाबल्यावर माहिती पोहोचली, ओळ पडली, पण 'झालं' हे उत्तर परतताना वाटेतच हरवलं. मोबाइलला दिसतं एवढंच, की उत्तर आलं नाही. माहिती जाताना हरवली असती तरी त्याला हेच दिसलं असतं. मग मुलगा पुन्हा दाबतो, किंवा ॲप स्वतःच पुन्हा पाठवतं. एन-एट-एन आणि डेटाबेस यांच्यामध्येही असंच घडू शकतं, कारण अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची सोय त्यातही असते.

ही अडचण फक्त खेड्यातल्या नेटवर्कची नाही. निरोप हरवू शकतो अशा वाटेवर, कितीही पोचपावत्या दिल्या-घेतल्या तरी, दोन्ही टोकांना एकमेकांबद्दल पक्की खात्री होऊ शकत नाही, हे १९७५ मध्येच दाखवून दिलं गेलं. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये त्याला 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हटलं. शेवटचा निरोप पोहोचला की नाही, ही शंका उरतेच. म्हणून पुन्हा पाठवणं बंद करता येत नाही. दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखता मात्र येते.

'आधी टेबलमध्ये शोधा, नसेल तर घाला' हा उपाय पहिल्यांदा सुचतो, पण तो फसवा आहे. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि दोघीही ओळ घालतात. हे काम डेटाबेसवरच सोपवावं. एखाद्या रकान्यावर 'युनिक'ची अट घातली की तीच किंमत असलेली दुसरी ओळ तो घेतच नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' असं सांगता येतं. ओळ आधीच असेल तर तो चूक न दाखवता पुढे जातो. एसएमएसची पायरीही ओळ खरोखर नवी पडली असेल तरच चालवायची.

पण युनिक ठेवायचं काय? शेतकऱ्याचं नाव आणि तारीख चालणार नाही, कारण एकच माणूस दिवसात दोन खेपा आणतो. पावती क्रमांक नवीन पुस्तकाबरोबर पुन्हा १ पासून सुरू होतो. सगळ्यात बरा उपाय म्हणजे मोबाइलनंच तयार केलेला १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी जवळपास कधीच न जुळणारा क्रमांक. तो फॉर्म उघडतानाच तयार व्हायला हवा. 'सबमिट' दाबल्यावर तयार होत असेल तर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

ओलाव्याच्या रकान्याकडेही जरा लक्ष द्यावं. मराठी कीबोर्डवरून '११.५' टाइप झालं तर संख्येचा रकाना ते अंक ओळखत नाही, ओळच नाकारतो. त्यामुळे अंक आधी बदलून घ्यावे लागतात. ओलावा मोजलाच नसेल तर तिथे शून्य घालू नये, 'नल', म्हणजे 'किंमत माहीत नाही', ठेवावं. शून्य सरासरीत मिसळतं, नल मिसळत नाही.

एन-एट-एनमध्ये 'असेल तर बदला, नसेल तर घाला' असाही पर्याय आहे. वजनासाठी तो मी वापरणार नाही. काटा तपासून ७.२० चं ७.०५ केलं आणि नंतर रेंज आल्यावर सकाळची अडकलेली जुनी विनंती पोहोचली, तर ती दुरुस्त वजनावर पुन्हा ७.२० लिहील. दुरुस्ती वेगळ्या ओळीत, मूळ नोंदीच्या क्रमांकासह घालावी, म्हणजे शेतकऱ्यानं विचारलं तर दोन्ही वजनं दाखवता येतात.