इंग्रजी सगळ्यात शेवटी: वैद्यकीय जर्नलकडे पेपर पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी माहितीपत्रक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या पेपर-संपादनाच्या ऑफिसात पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेक डॉक्टरांचे वाक्य ठरलेले असते: "काम सगळे झाले आहे, फक्त इंग्रजी जरा बघून द्या." आम्ही चहा मागवतो, फाईल उघडतो, आणि इंग्रजीकडे वळेपर्यंत दोन आठवडे जातात. पेपर परत येतो तो बहुधा इंग्रजीमुळे नाहीच. रुग्ण कसे निवडले ते नीट सांगितलेले नसते, तक्त्यांची बेरीज जुळत नाही, नाहीतर अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या पत्रावरची तारीख पहिला रुग्ण घेतल्यानंतरची निघते. भाषा आम्ही दुरुस्त करून देऊ. तारीख दुरुस्त करणे आमच्या हातात नाही, आणि असती तरी केली नसती.

म्हणून हे पत्रक. एम.डी.-एम.एस.चे रेसिडेंट, त्यांचे गाईड आणि स्वतःच्या दवाखान्यातले काम छापून यावे असे वाटणारे प्रॅक्टिशनर, सगळ्यांनी आमच्याकडे येण्याआधी वाचावे. वाचून आमची गरजच उरली नाही तर उत्तम.

थिसिस कापून पेपर होत नाही

थिसिस शंभर-सव्वाशे पानांचा. त्यातली तीसेक पाने रिव्ह्यू ऑफ लिटरेचरची, आणि तो आजार प्राचीन ग्रीकांना माहीत होता इथून सुरुवात. पेपर साधारण अडीच-तीन हजार शब्दांचा. ती तीस पाने तीन परिच्छेदांत बसवायची असतात: काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि आपण काय पाहायला निघालो. हे तिसरे एका वाक्यात सांगता येत नसेल तर पेपर लिहायची वेळ अजून आलेली नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

पेपरचे चार भाग सगळ्यांना ठाऊक असतात: प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा. लिहायचा क्रम मात्र वेगळा ठेवा. आधी पद्धती, मग तक्ते, तक्त्यांवरून निकाल, त्यानंतर चर्चा आणि प्रस्तावना. सारांश अगदी शेवटी. अडीचशे शब्दांचा तो सारांशच बहुतेक लोक वाचणार असतात, तरी तो रात्री अकराला, अपलोड करण्याच्या घाईत लिहिला जातो. मग सारांशात ६० स्त्रिया असतात आणि तक्त्यात ५८.

पद्धती: सगळा जीव इथे

"रुग्ण रँडमली निवडले." हे वाक्य दिसले की आम्ही पेन खाली ठेवतो. बोलताना आपण रँडम म्हणजे "असेच, समोर आले तसे" म्हणतो. जर्नलच्या लेखी रँडम म्हणजे पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे कोणालाही आधी सांगता येऊ नये. ओपीडीतला एक इकडे, एक तिकडे. सम तारखेला हे औषध, विषम तारखेला ते. युनिट एकचे रुग्ण या गटात, युनिट दोनचे त्या गटात: यातले काहीच रँडम नाही. आता नव्या औषधाची पाळी आहे हे रेसिडेंटला ठाऊक असते. समोर फारच आजारी आजोबा असले तर तो त्यांना, मनात काहीही वाईट नसताना, पुढच्या पाळीपर्यंत थांबवतो. झाले, गट वेगळे पडले.

ही अडचण कशी सोडवायची ते १९४८ पासून लिहून ठेवलेले आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी केली. औषध इतके कमी होते की सगळ्यांना पुरणारच नव्हते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक, म्हणजे रँडम, आकड्यांवरून क्रम लावला आणि बंद पाकिटांत ठेवला. रुग्ण चाचणीत घेतला की मगच पाकीट उघडायचे. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. बंद पाकिटे आजही चालतात. फक्त ती अपारदर्शक असावीत, त्यांवर क्रमांक असावेत, आणि ती कोणी बनवली, कोणाकडे होती, कोणी उघडली हे पेपरात लिहावे. आणि खरोखरच "समोर आले तसे" रुग्ण घेतले असतील तर तसेच लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ओपीडीत आलेले, निकषांत बसणारे, सलग सगळे रुग्ण. प्रामाणिक "सलग" खोट्या "रँडम"पेक्षा कितीतरी चांगले टिकते.

व्याख्यांचेही तेच. "मधुमेही रुग्ण" म्हणजे कोण? उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आधीपासून औषध चालू असलेले, की रुग्णाने स्वतः "मला डायबिटीस आहे" म्हटलेले? दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तुमचा परिच्छेद वाचून तोच अभ्यास पुन्हा करता आला पाहिजे. लिहून झाल्यावर हीच कसोटी लावा.

पेपरात काय काय सांगायचे याच्या तपासणी-याद्या अभ्यासाच्या प्रकारानुसार ठरलेल्या आहेत. यादृच्छिक चाचणीसाठी कॉन्सॉर्ट. १९९६ मध्ये आली, नवी आवृत्ती २०२५ ची, ३० मुद्द्यांची. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, २२ मुद्दे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यासाठी, प्रिझ्मा २०२०, २७ मुद्दे. एका रुग्णाच्या केस रिपोर्टसाठी केअर. सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. खरे तर ही यादी अभ्यास सुरू करताना समोर हवी. पेपर लिहिताना ती उघडणे म्हणजे पाहुणे जेवायला बसल्यावर मीठ शोधणे.

परवानगी, नोंदणी, संमती

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पेपरात येतेच. ती पहिल्या रुग्णाच्या आधीची हवी.

रुग्णावर काही उपाय करून पाहिला असेल, म्हणजे औषध, शस्त्रक्रियेची पद्धत, व्यायाम, आहार, तर सी.टी.आर.आय.मध्ये नोंदणी लागते. ही भारताची चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. "माझा तर नुसता थिसिस आहे" ही सबब चालत नाही, कारण नोंदणीच्या अर्जात "हा पदव्युत्तर थिसिस आहे का" असा प्रश्नच विचारलेला आहे. नोंदणी राहून गेलेली यादृच्छिक चाचणी आमच्याकडे येते तेव्हा आम्हाला सगळ्यात वाईट वाटते. दोन वर्षांची मेहनत खरी असते, रुग्ण खरे असतात, आणि चांगल्या जर्नलांची दारे बंद झालेली असतात.

केस रिपोर्टमधल्या फोटोबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झाले. तेवढ्याने ओळख लपत नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आय.सी.एम.जे.ई.ने, हे स्पष्ट लिहिले आहे. रुग्णाची छापण्यासाठीची वेगळी लेखी संमती घ्या, तीही त्याला वाचता येईल अशा भाषेत. आपल्याकडे गुजराती आणि हिंदी प्रत तर हवीच. रावपुऱ्या-मांडवीकडच्या जुन्या घरांतल्या आजींसाठी मराठी प्रतही असू द्या. आणि एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव आणि वय छापलेले असते, तिकडे बघा.

आकडे

स्टॅटिस्टिशियनकडे रुग्ण गोळा करून झाल्यावर जायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. मग सॅम्पल साईज, म्हणजे किती रुग्ण लागतील तो आकडा, उलटी काढली जाते: ८० रुग्ण मिळाले, तर ८० येतील असे गणित मांडून द्या. आम्ही मांडून देत नाही. "उपलब्ध काळात मिळाले तेवढे रुग्ण घेतले" असे लिहा आणि ती मर्यादा म्हणून चर्चेत कबूल करा.

संगणकाने "पी = ०.०००" दाखवले तर तसे उतरवू नका, शक्यता शून्य कधीच नसते. "पी < ०.००१" लिहा. फरक सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा, आला नाही याचा अर्थ दोन्ही उपचार सारखे ठरले असा होत नाही. कदाचित रुग्णच कमी पडले असतील. सात रुग्णांत तीन बरे झाले तर ४२.८६ टक्के लिहिण्यात काही अर्थ नाही, "७ पैकी ३" पुरे.

आणखी एक खूण सांगतो, ती रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारे तज्ज्ञ, लगेच पकडतात. समजा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ६ दिवस, एस.डी. (स्टँडर्ड डिव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरले ते) ७ दिवस असा लिहिला आहे. सरासरीतून एस.डी. वजा केली तर उणे एक दिवस! रुग्ण येण्याआधीच घरी गेला. बहुतेक जण तीन-चार दिवसांत घरी गेलेले असतात आणि दोघे-चौघे महिनाभर राहिलेले असतात. अशा वेळी मिडियन, म्हणजे मधोमध येणारा आकडा, आणि इंटरक्वार्टाइल रेंज, म्हणजे मधल्या निम्म्या रुग्णांचा पल्ला, द्यायची.

नाव कोणाचे

हा विषय नाजूक आहे, आणि आम्ही बाहेरचे. तरी नियम सांगून ठेवतो. आय.सी.एम.जे.ई.च्या चार अटी आहेत आणि लेखकाला चारही पूर्ण कराव्या लागतात: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर विचारपूर्वक दुरुस्त्या करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. मोठ्या सरांचे नाव आदराने घालायची आपली रीत या अटींत बसत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे सरांना मसुदा नेऊन द्या आणि दुरुस्त्या मागा. मनापासून लाल पेन चालवले की एक अट तर पूर्ण होते. उरलेल्या तीन त्यांच्याशी बोलून ठरवा. ज्यांनी फक्त रुग्ण पाठवले किंवा मशीन वापरू दिले त्यांचे आभार माना, त्यांना विचारून.

आमचे नाव लेखकांत घालू नका. भाषेसाठी मदत घेतली असे आभारात लिहा. चॅटजीपीटीसारखी साधने वापरली असतील तर तेही सांगावे लागते. ती लेखक होऊ शकत नाहीत, कारण जबाबदारी घेऊ शकत नाहीत. शिवाय ती कधी कधी नसलेले संदर्भ बनवून देतात, आणि तेही असे की लेखक खरे, जर्नल खरे, पेपरच नाही. त्यामुळे आम्ही तुमच्या यादीतला प्रत्येक संदर्भ पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, किंवा जर्नलच्या पानावर उघडून बघतो. न सापडलेला तुम्हाला परत.

आता इंग्रजी

इथवर सगळे जागेवर असेल तर उरलेले काम सोपे. "सिन्स फाइव्ह डेज", "पेशंट वॉज हॅविंग फीव्हर" ही आपली घरगुती इंग्रजी. मराठी काय, गुजराती काय, दोघेही तसेच लिहितात, आणि आम्हीही बोलताना तसेच बोलतो. ते आम्ही काढतो. "प्रूव्ह्ड" काढतो. एकाच वेळी केलेल्या पाहणीत "यामुळे हे झाले" असे वाक्य असेल तर "या दोन गोष्टी सोबत आढळल्या" इथपर्यंत आणतो. यावर डॉक्टर सगळ्यात जास्त वाद घालतात.

"सिमिलॅरिटी (आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग) दहा टक्क्यांखाली आणून द्या" असेही सांगितले जाते. शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवून आकडा उतरतो, पण उचललेला विचार उचललेलाच राहतो, आणि "ब्लड प्रेशर"चे भलतेच काहीतरी होऊन बसते. असे काम आम्ही घेत नाही.

जर्नल

"आदरणीय प्रोफेसर" अशी सुरुवात करून तीन दिवसांत स्वीकारण्याचे आश्वासन देणारे ईमेल कचऱ्यात टाका. आमच्या एका ग्राहकाने येण्याआधीच अशा ठिकाणी पैसे भरले होते. वर्षभरात ते संकेतस्थळच नाहीसे झाले, आणि एकदा छापलेला म्हणून तो पेपर दुसरीकडेही पाठवता येईना. जर्नलचे नाव एन.एल.एम.च्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये आणि डी.ओ.ए.जे.मध्ये (मुक्त वाचता येणाऱ्या जर्नलांच्या सूचीत) स्वतः शोधा. त्यांच्याच पानावरच्या दाव्यावर जाऊ नका. गुगल स्कॉलरवर दिसणे म्हणजे इंडेक्स होणे, मान्य सूचीत येणे, नव्हे. बढतीसाठी पेपर हवा असेल तर एन.एम.सी.चा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) त्या वर्षीचा नियम वाचून मगच जर्नल ठरवा. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवा.

रिव्ह्यूअरचे पत्र आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुद्दा उतरवा, त्याखाली उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर केला ते. पटले नाही तर कारण देऊन नाही म्हणता येते. "मोठा फेरबदल करा" असे पत्र म्हणजे दार उघडे आहे. पुष्कळ जण ते नकार समजून सोडून देतात.

येताना काय आणाल

प्रोटोकॉल, एथिक्स कमिटीचे पत्र, नोंदणी क्रमांक, कोरा प्रोफॉर्मा (रुग्णाची माहिती भरायचा फॉर्म), मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता), आणि ठरले असल्यास जर्नलच्या सूचना. मसुदा नसला तरी चालेल. पहिल्या बैठकीचे पैसे घेत नाही. शुल्क शब्दांवर आहे, पेपर स्वीकारला जाण्यावर नाही. स्वीकृतीची हमी आम्ही देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. थिसिस जमा करायच्या महिन्यात फार गर्दी असते. नवरात्रात ऑफिस चारला बंद होते, उत्तरायणाचे दोन्ही दिवस सुट्टी. मास्टर चार्ट पेन ड्राइव्हवर आणाल तेव्हा त्यातले रुग्णांच्या नावांचे आणि फोन नंबरांचे रकाने घरीच काढून टाका. ते आम्हाला दिसायला नकोत.