ब्रेक नसलेली सायकल आणि ४२ अंशांचं वळण

वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या कललेल्या ट्रॅकवर, नवख्यांना मिळणारी पहिली सूचना ऐकायला उलटी वाटते: वळण आलं की वेग कमी करू नका. रस्त्यावर सायकल चालवून मुरलेल्या माणसाचा हात वळणाआधी आपसूक ब्रेककडे जातो. इथे ब्रेकच नसतो. समोर लाकडी फळ्यांचा जो चढ उभा असतो, त्यावर पायी चढायचं म्हटलं तरी बूट घसरतील. अशा ठिकाणी हळू जाणंच शहाणपणाचं, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही, आणि का नाही हे समजून घेतलं तर पहिल्या तासातली निम्मी भीती कमी होते.

ऑलिंपिकसाठीचा ट्रॅक २५० मीटरचा असतो. सरळ भागात तो साधारण १२ अंशांनी कललेला असतो आणि वळणांवर ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. उघड्यावरचे ३३३ किंवा ४०० मीटरचे ट्रॅक त्यामानाने सपाट असतात, कारण त्यांची वळणं ऐसपैस असतात. कल किती ठेवायचा याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचं नाही. वळताना सायकलीला सतत केंद्राकडे ओढणारं अभिकेंद्री बल लागतं. सपाट जमिनीवर ते केवळ टायरच्या घर्षणातून मिळतं. ट्रॅक कललेला असेल तर त्याने टायरला दिलेल्या आधाराचाच काही भाग आतल्या दिशेने काम करतो. वळणाची त्रिज्या २२ मीटर आणि कल ४२ अंश धरला, तर ताशी ५० किलोमीटरला हा हिशोब बरोबर जुळतो आणि वळण्यासाठी घर्षणाची गरजच उरत नाही. त्या वेगाला सायकल ट्रॅकशी काटकोनात उभी असते. स्वाराला आपण सपाट जमिनीवरून चाललोय असंच वाटतं, फक्त शरीराचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढल्यासारखं जाणवतं. वेग ताशी ७० किलोमीटरवर गेला की जाणवणारं वजन मूळच्या दुप्पट होतं. हात, मान आणि चाकं या सगळ्यांनाच ते पेलावं लागतं.

वेग कमी केला तर काय होतं? मग आतल्या बाजूला घसरू पाहणाऱ्या सायकलीला घर्षणाने धरून ठेवावं लागतं. रबर आणि लाकूड यांच्यातला घर्षणांक ०.६ मानला, तर उभी सायकल ३१ अंशांपर्यंतच्या उतारावरच टिकेल. त्यापुढच्या प्रत्येक अंशासाठी वेगाची मदत लागते. वरच्याच वळणावर हा किमान वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास येतो. टायर जुना असेल किंवा फळीवर धूळ असेल तर आणखी वर. म्हणून अशा ट्रॅकवर नवख्याला ताशी ३० किलोमीटरच्या खाली येऊ नको असं बजावलं जातं. हा वेग काही फार नाही. रोज सायकल चालवणाऱ्याला तो सपाटीवर थोडा वेळ सहज जमतो. अवघड असते ती वळणाच्या तोंडाशी पाय न थांबवण्याची गोष्ट.

आणि पाय थांबवण्याची इथे सोयच नाही. ट्रॅकच्या सायकलीला फ्रीव्हील, म्हणजे पेडल न मारता चाक मोकळं फिरू देणारी यंत्रणा, नसतं. मागचं दातेरी चाक थेट चाकाला जखडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. सवयीने पाय सैल सोडले की पेडल ते उचलून पुढे ढकलतं, आणि हा झटका पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकाला बसतो. गिअरही एकच. पुढे ४८ दाते आणि मागे १५ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ६.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ३६ किलोमीटर. शर्यतीत याहून पुष्कळ मोठे गिअर लावतात, पण सुरुवातीला त्यांच्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लहान गिअरवर पाय भरभर फिरवण्याची सवय आधी लागली, तर ताकद नंतर वाढवता येते. उलटा क्रम फारसा कामी येत नाही.

सायकलीत आणखी एक बदल असतो, जो सहसा लक्षात येत नाही. पेडलचा आस रस्त्याच्या सायकलीपेक्षा थोडा उंचावर असतो आणि क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडाही, बऱ्याचदा आखूड, १६५ मिलिमीटरच्या आसपास. वळणावर हळू जाताना उजवं पेडल वरच्या फळ्यांना घासू नये यासाठी ही तजवीज. उजवंच का, तर जगभर ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरतात आणि चढ कायम उजव्या हाताला असतो.

ब्रेक नसणं हा वेडेपणा वाटतो, पण तीच इथली सुरक्षा आहे. पुढच्या स्वाराच्या चाकापासून वीतभर अंतरावर मागचा स्वार असताना कुणी अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे एकमेकांवर आदळतील. सगळ्यांचाच वेग हळूहळू बदलत असेल तर इतकं जवळ राहता येतं. पेडलवर उलटा दाब देऊन वेग थोडा कमी करता येतो, पण खरा ब्रेक म्हणजे तो चढच.

वर चढलं की गतिज ऊर्जेचं स्थितिज ऊर्जेत रूपांतर होतं. हवेचा रोध बाजूला ठेवून आकडे पाहा. ताशी ४० किलोमीटरने चाललेला स्वार पेडलवर जोर न वाढवता २ मीटर उंचावर गेला, तर त्याचा वेग ३३वर येतो. परत खाली आला की गमावलेला वेग परत मिळतो, जो कुठल्याही रबरी ब्रेकला देता येत नाही. ७ मीटर रुंद ट्रॅकचा वरचा काठ वळणावर खालच्या काठापेक्षा साडेचार मीटरहून अधिक उंच असतो. तिथून ताशी ३० किलोमीटरने निघून ४ मीटर खाली उतरलं, तर तळाशी पोचेपर्यंत वेग ४४च्या जवळ गेलेला असतो. स्प्रिंटच्या शर्यतीत दोघे स्वार वरच्या कठड्याशी रेंगाळत एकमेकांना जोखत बसतात, ते याच ठेवीवर डोळा ठेवून. नवख्या प्रेक्षकाला तो वेळकाढूपणा वाटतो.

टीम पर्स्यूटमध्ये, म्हणजे चार जणांनी रांगेत मिळून पळवायच्या सांघिक शर्यतीतही, हीच युक्ती दिसते. पुढचा स्वार हवा कापतो, मागच्यांना त्याच्या आडोशामुळे बरीच कमी ताकद लावावी लागते. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पुढे राहणारा लवकर दमतो. त्याची पाळी संपली की तो वळणावर सरळ वर चढतो. वेग घटतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात, आणि उतरताना मिळालेल्या वेगाने तो बरोबर शेवटच्या चाकामागे येऊन बसतो. हे जमायला महिनोनमहिने लागतात. पण सुरुवातीच्या वर्गात चार-पाच जणांच्या रांगेत हेच सावकाश करून घेतात, आणि शिकण्यातला खरा आनंद मला तिथेच दिसतो.

ट्रॅकवरच्या रंगीत रेषांचा अर्थ पहिल्याच दिवशी पाठ करावा लागतो. आतल्या काठापासून २० सेंटिमीटरवरची काळी रेषा ही मोजणीची. २५० मीटर मोजतात ते तिच्यावरून. ८५ सेंटिमीटरवरची लाल रेषा स्प्रिंटरांची, तिच्या आत शिरलेल्या आघाडीच्या स्वाराला आतल्या बाजूने ओलांडता येत नाही. त्याहून वरची निळी रेषा, जिच्या वरून सावकाश चालणाऱ्यांनी जावं. सगळ्यात आतला निळा पट्टा मात्र शर्यतीचा भाग नाही. ट्रॅकवर चढण्याउतरण्यासाठी तो असतो.

काळ्या रेषेपासून थोडं वर सरकलं तर काय बिघडतं? सपाट ट्रॅकवर एक मीटर बाहेर सरकल्यास फेरीमागे २π, म्हणजे ६.२८ मीटर जास्त कापावे लागतात, मग ट्रॅकचा आकार कसाही असो. कललेल्या वळणावर उतारावरचा एक मीटर आडव्या अंतरात पाऊण मीटरच भरतो, म्हणून फेरीमागे पावणेपाच मीटर पकडू. ४ किलोमीटरच्या १६ फेऱ्यांत अर्धा मीटर वर राहणारा स्वार ३७ मीटर जास्त चालतो. ताशी ६० किलोमीटरला ही दोन सेकंदांहून मोठी किंमत झाली.

एक गमतीची गोष्ट मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. वळणावर स्वार आत झुकतो, तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य चाकांपेक्षा जवळपास मीटरभर आत असतो. शरीर लहान वर्तुळातून जातं, चाकं मोठ्या. शरीराचा वेग तोच राहिला तरी चाकांना सुमारे ४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं आणि जखडलेल्या पेडलमुळे पायही तितकेच भरभर फिरतात. प्रत्येक फेरीत दोनदा पायांना हा ताल बदलल्यासारखा जाणवतो. तो तसाच असतो. त्याच्याशी झगडू नये.

बाकी तयारी थोडकी. बऱ्याच वेलोड्रोममध्ये सायकल भाड्याने मिळते, हेल्मेट सक्तीचं असतं, हातमोजे घालावेत, कारण पडलात तर लाकडी फळ्या तळहात सोलतात. मोकळ्या सरावाला परवानगी मिळण्याआधी टप्प्याटप्प्याने चाचणी द्यावी लागते. मागे वळून पाहणं, सरळ रेषा धरणं, गर्दीत अंतर राखणं, हेच त्यात तपासतात.

चाचणी झाली की बहुतेकांना एकदा तरी फ्लाइंग २०० मीटर करून पाहावंसं वाटतं. यात शेवटचे २०० मीटरच मोजतात, त्याआधीच्या दोन-तीन फेऱ्या हिशोबात नसतात. म्हणून स्वार आधी कठड्यापर्यंत चढतो आणि मोजणीची रेषा येण्याआधी खाली झेप घेतो. २०२५मध्ये तुर्कस्तानातल्या कोन्या इथे मॅथ्यू रिचर्डसनने हे अंतर ९ सेकंदांच्या आत पार केलं. सरासरी ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त! पहिल्या प्रयत्नात नवखे सहसा उतरायला उशीर करतात, आणि उंचीतून मिळालेला वेग मोजणी सुरू झाल्यावर हातात येतो.