टीव्हीवर दिसलेला ऑफसाइड

‘टीव्हीवर ढळढळीत ऑफसाइड दिसतोय, रेफ्री विकला गेलाय’ हा फुटबॉल सामन्यांबद्दलचा मजकूर गोव्यात वर्षानुवर्षं फिरतो. (ऑफसाइड म्हणजे पास दिला जाताना पुढचा खेळाडू चेंडूच्याही आणि गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे, गोलच्या जास्त जवळ असणं.) राग समजण्यासारखाच. पण मुख्य कॅमेरा असतो मध्यरेषेजवळ, उंचावर. गोलजवळचा खेळ त्याला तिरका दिसतो, म्हणून एकाच पातळीवरचे दोघे पुढे-मागे भासतात. लाइन्समन, म्हणजे मैदानाच्या कडेचा सहायक पंच, मात्र शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत धावतो, म्हणून त्याला ते सरळ दिसतं. (चुका त्याच्याही होतात.)

पडताळायचं असेल तर पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो, त्या क्षणी चित्र थांबवा; एका चित्राची चूकही फरक पाडते. सेकंदाला 25 चित्रं धरली, तर सेकंदाला 8 मीटर धावणारा स्ट्रायकर (गोल करायला पुढे असलेला खेळाडू) दोन चित्रांदरम्यान 32 सेंटिमीटर सरकतो! मग तुलना पेनल्टी बॉक्सच्या (गोलसमोर आखलेल्या आयताच्या) पुढच्या रेषेशी करा, पडद्याच्या कडेशी नको. ती रेषा गोलरेषेला समांतर असूनही पडद्यावर कललेली दिसेल. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पेनल्टी बॉक्ससमोर बसलात, तर फरक लगेच कळतो.