सेंडचे बटण कोणाच्या हाती? मेल सांभाळणाऱ्या एआयची पार्श्वभूमी

कामाचा इनबॉक्स एआय असिस्टंटकडे सोपवण्याची चर्चा २०२३ पासून जोरात आहे, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच जुना आहे. मेल वाचून त्याचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला किती द्यायचा? मेलच्या गर्दीबद्दलची तक्रार संगणक व्यावसायिकांच्या एका प्रमुख नियतकालिकात १९८२ मध्येच छापून आली होती. त्याच दशकात, नियमांप्रमाणे मेल लावून देणाऱ्या प्रणाली संशोधनातून तयार झाल्या. अमक्याचा मेल तमक्या फोल्डरमध्ये, विषयात अमुक शब्द असेल तर बाजूला, हे आजचे फिल्टर त्याच वळणाचे. ते उपयोगी आहेतच, पण नियम लिहिण्याचे कष्ट ज्याच्याकडे सर्वांत कमी वेळ आहे त्यालाच घ्यावे लागतात.

या अडचणीवरचे उत्तर १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात आले. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मेल हाताळणारा एजंट तयार झाला आणि १९९४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. हा एजंट वापरणाऱ्याच्या कामावर नजर ठेवायचा. कोणता मेल आधी वाचला, कोणता पुढे पाठवला, कोणता डिलीट केला, हे तो लक्षात ठेवायचा. नवा मेल आला की जुन्या, तशाच प्रसंगांशी ताडून अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाची आपल्याला किती खात्री आहे तेही मोजायचा. या खात्रीला दोन मर्यादा होत्या. पहिली ओलांडली तर एजंट फक्त सुचवणार. दुसरी, अधिक वरची, ओलांडली तर न विचारता काम उरकणार. या दोन्ही मर्यादा वापरणारा स्वतः ठरवायचा. पुढच्या तीस वर्षांत इनबॉक्सबद्दल जे काही वाद झाले, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर या रचनेत होते, आणि बाजारात उतरलेल्या उत्पादनांतून नेमकी तीच गळाली.

मधल्या काळात स्पॅममुळे आपल्या सर्वांची सवय बदलली. २००२ नंतर, शब्दांच्या वारंवारतेवरून संभाव्यता काढणारे फिल्टर रुळले आणि आपल्या नजरेआड सॉफ्टवेअर मेल बाजूला काढते, हे सगळ्यांनी मान्य केले. २००४ मध्ये जीमेल १ जीबी जागा घेऊन आले. मेल पुसण्याची गरज संपली, साठा वाढत गेला आणि निवडण्याचे ओझे वाढले. २०१० मध्ये जीमेलने महत्त्वाचे मेल वर काढणारी सोय दिली. एखाद्या मेलवर हा माणूस काही कृती करील का, याचा अंदाज प्रत्येकासाठी वेगळा बांधला जाऊ लागला. २०१३ मध्ये जाहिराती, सोशल असे मेल वेगवेगळे दाखवणारे टॅब जीमेलमध्ये आले. २०१४ मध्ये एका स्पर्धक कंपनीने कमी महत्त्वाचे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायला सुरुवात केली. कामाचा मेल तिकडे जाऊन नजरेतून सुटल्याच्या तक्रारी आल्या. २०१६ मध्ये त्या कंपनीने ही पद्धत मोडीत काढायचे ठरवून, इनबॉक्समध्येच दोन भाग करण्याचा मार्ग धरला. मेल हलवण्यापेक्षा तो नजरेसमोर ठेवून क्रम लावणे बरे, हा धडा तिथे मिळाला होता.

तोवरची सगळी यंत्रणा मेल निवडत होती, लिहीत नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तयार उत्तरांचे तीन छोटे पर्याय देणारी सोय गूगलने आणली. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांत, कार्यालयीन मेललाही ती ‘आय लव्ह यू’ असे उत्तर सुचवत होती, कारण असली वाक्ये वारंवार येतात आणि कुठेही बसतील असे गणिताला वाटते. २०१८ मध्ये जीमेलमध्ये लिहिता लिहिता वाक्य पूर्ण करून देणारी सोय आली. गुंतवणूकदाराला भेटण्याबद्दलच्या वाक्यानंतर ती पुरुषवाचक सर्वनाम सुचवते, हे लक्षात आल्यावर गूगलने लिंगदर्शक सर्वनामे सुचवणेच बंद केले. या दोन्ही वेळी शेवटचा निर्णय माणसाकडे होता, आणि वाक्य छोटे असल्याने ते डोळ्यांखालून घालूनच पाठवले जात होते.

नोव्हेंबर २०२२ नंतर हे प्रमाण बदलले. मोठी भाषिक मॉडेल्स, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकून स्वतः मजकूर लिहिणारी एआय, अख्खा थ्रेड (एकाच विषयावरची मेलची साखळी) वाचून सारांश देऊ लागली, चार परिच्छेदांचे उत्तर लिहू लागली. २०२३ मध्ये ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येच असे असिस्टंट बसवले गेले. तिथून मुख्य वाद सुरू झाला: असिस्टंटने फक्त ड्राफ्ट करावा, की पाठवावाही?

बहुतेक कंपन्यांनी ड्राफ्टची बाजू घेतली. मेल गेला की परत घेता येत नाही आणि त्याखाली नाव आपले असते, हे त्यामागचे कारण रास्त आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की, भेटीची वेळ पक्की करणे किंवा पोच देणे यांसाठी माणसाला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. तेही खरे आहे. पण या वादात एक गृहीतक बिनतपासणीचे राहिले, ते म्हणजे ड्राफ्ट म्हणजे आपोआप सुरक्षित. समोर वीस तयार उत्तरे असली की माणूस ती वाचत नाही, मंजूर करतो. उत्तरातला सूर, मान्य केलेली तारीख, सीसीमध्ये कोण आहे, या गोष्टी तिथेच निसटतात. तपासणी माणसाकडे ठेवायची असेल, तर तपासण्याजोगे ड्राफ्ट थोडेच असले पाहिजेत. पोच देण्यासारखी कामे असिस्टंटवर सोपवून पैसे, मुदत आणि माणसे यांबद्दलचे मेल मात्र राखून ठेवणे, हा १९९४ च्या त्या दोन मर्यादांचाच उपयोग आहे.

दुसरे गृहीतक असे की नुसते वाचण्यात धोका नाही. बाहेरून आलेल्या मेलच्या मजकुरात असिस्टंटसाठी सूचना लपवता येतात, कारण मॉडेलला मालकाचे शब्द आणि परक्याचे शब्द एकाच ओघात मिळतात. सप्टेंबर २०२२ पासून या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे स्वतंत्र नाव आहे. जून २०२५ मध्ये संशोधकांनी ऑफिसच्या एका मोठ्या असिस्टंटमधली अशी त्रुटी जाहीर केली. वापरणाऱ्याने कुठेही क्लिक न करता, केवळ एका मेलमुळे संस्थेतली माहिती बाहेर जाऊ शकत होती. कंपनीने ती दुरुस्त केली, पण सेंडचे बटण आपल्याकडे ठेवले की निभावले, ही समजूत त्यानंतर टिकत नाही.

आणि ते बटण खरोखर आपल्याकडे आहे का, हेही परवानग्यांवर ठरते. जीमेलला बाहेरचे ॲप जोडताना ड्राफ्ट करण्याची जी परवानगी द्यावी लागते, तिच्यातच पाठवण्याचीही मुभा असते. ‘आम्ही फक्त ड्राफ्ट करतो’ हे तिथे ॲपने दिलेले वचन असते, मेलसेवेने घातलेली अडवणूक नव्हे. आउटलुकच्या बाजूला मेल लिहिण्या-बदलण्याची आणि पाठवण्याची परवानगी वेगवेगळी आहे, त्यामुळे पाठवण्याचा अधिकार मुळातच न देता काम चालवता येते. जोडणी करताना ‘परवानगी द्या’ म्हणणाऱ्या त्या एका पडद्यावर हा फरक लिहिलेला असतो.