बॅटरी बसली की चार्जिंग गेलं?

नागपूरकडे येताना पांढरकवड्याजवळ बाइक बंद पडते. सेल्फ मारला की नुसती टिकटिक. जमलेल्या चार माणसांपैकी तिघं लगेच सांगतात, बॅटरी बसली, नवी टाका. नवी पडते, गाडी एका सेल्फात सुरू होते, सगळे खूश. मग वडकी गेली, हिंगणघाट यायचंय, तोवर गाडी पुन्हा बंद. आता राग निघतो बॅटरीवाल्यावर, त्यानं डुप्लिकेट माल दिला म्हणून. माल चांगलाच होता. तो भरणारं चार्जिंग बंद होतं आणि ते कोणी तपासलंच नव्हतं. दर हंगामात लांबचे रायडर हाच घोळ घालतात, आणि तो टाळायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, पुरतो.

बॅटरी काय करते हे सगळ्यांना माहीत आहे. चार्जिंग म्हणजे तीन गोष्टी: इंजिनाच्या कव्हरखाली मॅग्नेटशेजारी बसलेली स्टेटर कॉईल, तिचा एसी करंट डीसी करून आवरता ठेवणारा रेग्युलेटर (मिस्त्री त्याला आरआर म्हणतात), आणि दोघांमधल्या वायरी व त्या जोडणारा प्लग, म्हणजे कपलर. विहिरीवरची मोटर आणि टाकी यांच्यासारखंच हे नातं आहे. मोटर जळली असताना टाकी बदलून पाणी येत नाही.

खरी गफलत होते ती लक्षणं वाचताना. दोन्हीकडे शेवटचं चित्र सारखंच असतं: सेल्फ घेत नाही, डिस्प्ले मंद, हॉर्न घोगरा. त्यामुळे शेवटचं चित्र बघून काहीच ठरवता येत नाही. त्याआधी काय झालं ते आठवायचं. बॅटरी म्हातारी झाली असेल तर उभी गाडी सुरू होत नाही. रात्रभर चिखलदऱ्याच्या थंडीत उभी राहिली की सकाळी दम तोडते, पण धक्का मारून एकदा सुरू केली की दिवसभर कुरकुर न करता चालते. चार्जिंग गेलं असेल तर उलट. सकाळी गाडी झकास सुरू होते आणि चालता चालता मरते. आधी इंडिकेटर सुस्तावतो, एबीएसचा दिवा लागतो, मीटरचा काटा किंवा आकडे चमकून जातात, मग इंजिन अडखळतं आणि बंद. चालत्या इंजिनाला बॅटरी फारशी लागत नाही, सगळा भार चार्जिंग उचलतं. म्हणून पळती गाडी अशी हळूहळू विझत बंद पडली तर संशयाचं पहिलं बोट चार्जिंगकडे. एकदम, झटक्यात बंद पडली तर आधी टर्मिनलचे स्क्रू आणि मेन फ्यूज बघा. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्क्रू सैल होतात, आणि तेव्हा दोन्हीपैकी काहीच बिघडलेलं नसतं.

नवी बॅटरी फसवते ती इथेच. ती दुकानातून भरूनच येते. चार्जिंग पूर्ण बंद असलं तरी ती एकटी गाडी ओढते, तासभर, कधी थोडं जास्त. तेवढ्यात मिस्त्रीचे पैसे चुकते होतात आणि निदान बरोबर होतं अशी सगळ्यांची खात्री पटते. जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून, सुरू झाली म्हणजे बॅटरीच खराब, हाही तसलाच पुरावा. त्यानं फक्त बॅटरी रिकामी होती एवढं कळतं. का रिकामी झाली, ते कळत नाही.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल सळई प्लसवर, काळी मायनसवर. बंद गाडी, अर्धा तास थांबलेली: 12.6 च्या वर म्हणजे भरलेली, 12.0 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही 10.5 वरच अडली तर एक सेल गेला, तिथे बॅटरी बदलण्याशिवाय इलाज नाही. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल तरी दोष बॅटरीचा, मात्र ती भरलेली असताना मोजलं असेल तर. आता गाडी सुरू करा आणि इंजिन 4000 ते 5000 आरपीएमवर धरा. 13.8 ते 14.5 दिसलं तर चार्जिंग ठीक. आकडा 12 च्या घरात अडकून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग गेलं. 15 च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर उलट्या बाजूनं बिघडलाय; तो बॅटरी उकळवतो, फुगवतो, आणि तुम्ही टाकलेली नवी बॅटरीही फुगवणार.

मीटर नसेल तर आजूबाजूला बघा. विदर्भातल्या बाजाराच्या गावांत मोटरपंप रिवाइंडिंगचं दुकान हमखास असतं. त्यांच्याकडे मीटर असतो आणि कॉईलची समज कित्येक बाइक मिस्त्रींपेक्षा जास्त असते. तेही नसेल तर साध्या बल्बची गाडी रेस करून बघा. उजेड जरासा वाढला तर चार्जिंग जिवंत आहे. एलईडीवर ही युक्ती चालत नाही. जुन्या बुलेटच्या हेडलाइटशेजारी अँपिअरचा काटाच असायचा, नजर टाकली की कळायचं. ती सोय पुढे बंद झाली हे फार वाईट झालं.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही जुनी ‘टेस्ट’ अजून चौकाचौकांत चालते. बॅटरी व्होल्टेजचे झटके पचवते. ती काढली की ते झटके थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर जातात. 2020 पासूनच्या बीएस 6 गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आहे, आणि ईसीयू गेला तर गाडी पिकअपमध्ये घालूनच न्यावी लागते. टर्मिनलवर पान्हा आपटून ठिणगी बघणंही तितकंच घातक.

चार्जिंगचाच दोष निघाला तर सुरुवात कपलरपासून करा, तोच सर्वात आधी जातो. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या, बहुतेक गाड्यांत पिवळ्या असलेल्या तीन वायरींचा कपलर उघडा. प्लास्टिक तपकिरी, वितळलेलं किंवा पिन हिरवट झाली असेल तर दोष सापडला. कपलर कापून टाका, वायरी सोलून घट्ट पिळा, जमलं तर डाग द्या, प्रत्येकीला वेगळी टेप मारा. या तिघींचा क्रम चुकला तरी बिघडत नाही. कपलर ठीक असेल तर तो सुटा ठेवून कॉईल मोजा: मीटर एसीवर, सळया आधी बसवा, मग गाडी सुरू करा, कारण रेस केल्यावर तिथे 50 व्होल्टच्या वर करंट असतो. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा हवा. एक जोडी मागे पडली, किंवा गाडी बंद असताना एखादी वायर बॉडीला कंटिन्युटी (आतून जोड) दाखवत असेल तर कॉईल जळली. ती रिवाइंड होते, पण दिवस मोडतो. तिन्ही आकडे सारखे आणि तरी चार्जिंग नाही, तर रेग्युलेटर गेला.

आपल्याकडे रेग्युलेटर जातात त्याला कारण आहे. बहुतेक गाड्यांतला रेग्युलेटर जादाचा करंट स्वतःत शॉर्ट करून जिरवतो, म्हणजे तापतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे असताना त्याला गार व्हायला हवाच मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच्या गार करणाऱ्या पट्ट्यांत भरतो आणि वाळला की लिंपणासारखा चिकटून बसतो. मुक्कामाला पोचल्यावर पाणी मारून, जुन्या ब्रशनं तेवढा भाग मोकळा करा.

आता जागेवरून निघायचं कसं. बॅटरीच गेली असेल तर काम सोपं: दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, मोठं सिंगल सिलिंडर असेल तर तिसरा. चावी लावल्यावर पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा गुं-गुं आवाज आला तरच धक्क्याचा उपयोग. इंजेक्शनची गाडी पूर्ण मेल्या बॅटरीवर धक्क्यानं सुरू होत नाही. आधी कार किंवा ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून, त्यांचं इंजिन बंद ठेवून, जंप घ्या. सुरू झाली की शहर येईपर्यंत बंद करू नका.

चार्जिंग गेलं असेल तर हिशोब करा. बॅटरी 9 अँपिअर-अवरची धरू, ती पूर्ण भरून घ्या. एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांत हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, म्हणून त्याचा कपलर काढा. फोनचं चार्जिंग, जादाचे लाइट, सगळं बंद. मग पंप, इग्निशन आणि ईसीयू मिळून साधारण 5-6 अँपिअर खातात. तासभर, म्हणजे पन्नासेक किलोमीटर धरा. परतवाड्याहून अमरावती तेवढ्यात बसते. पांढरकवड्याहून नागपूर बसत नाही. प्रवास दिवसाच करा, आणि रेग्युलेटरचा कपलर सुटा ठेवून टोकं टेप करा, कारण आतून शॉर्ट झालेला रेग्युलेटर बॅटरी पिऊन टाकतो.

जास्त अंतर असेल तर पऱ्हाटीच्या वावरात उत्तर मिळतं. बॅटरीवरच्या फवारणी पंपात बहुधा 12 व्होल्ट, 8 किंवा 12 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. मालकाला विचारून, पैसे देऊन ती घ्या. रिकामी बॅटरी काढून तिच्या जागी ही जोडा, जाड वायरनं, प्लसला प्लस, आणि ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा. सेल्फ मारू नका, तिच्या पातळ पिना तो करंट झेलत नाहीत. धक्काच मारा. राष्ट्रीय महामार्गावर असाल आणि यातलं काहीच जमत नसेल तर महामार्गाचा मदत क्रमांक 1033 लावा.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा 5000 आरपीएमवर आकडा बघा. तळाला गेलेली बॅटरी गाडीवर भरायला सोडू नका, 9 अँपिअर-अवरची असेल तर चार्जरवर 0.9 अँपिअरनं रात्रभर लावा, काढून काही तास ठेवा आणि मोजा. 12.5 च्या वर टिकली तर तीच वापरा.