घरात मांजर-कुत्रं असेल तर फरशी कशाने पुसावी?

फिनाईल मागणाऱ्याला आम्ही हल्ली आधी विचारतो, घरात मांजर आहे का? असेल तर काळं फिनाईल देतच नाही, पांढरंही शक्यतो टाळतो. काही ग्राहक यावर नाराज होतात, म्हणून कारण छापून देत आहोत.

काळ्या फिनाईलमध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारी फिनॉल गटातली रसायनं असतात, तर पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. आपलं यकृत अशी रसायनं निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं, कुत्र्याचंही टाकतं. मांजराच्या यकृतात मात्र त्यासाठी लागणारं एन्झाइम फारच कमी असतं, त्यामुळे कुत्र्याला सोसेल तेवढं मांजराला सोसत नाही. बरं, मांजर बाटलीला तोंड लावायला जात नाही. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि नंतर निवांत बसून पंजे चाटतं. बाटली कपाटात कुलपात ठेवली तरी हा मार्ग बंद होत नाही.

बाटलीमागे 'बेंझाल्कोनियम क्लोराइड' लिहिलेलं क्लीनर घेणार असाल तर लेबलवर दिलेलीच मात्रा पाण्यात घाला. वास दरवळला म्हणजे फरशी स्वच्छ झाली असं मानून दोन-तीन झाकणं जास्त ओतायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. हेच क्लीनर दाट असताना चाटलं गेलं तर मांजराच्या जिभेला फोड येतात, आणि ते लगेच नाही, काही तासांनी दिसतात. पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा एक हात फिरवा, पंखा लावा आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. शहाबादी फरशी पावसाळ्यात लवकर वाळत नाही, तिथे धीर धरावा लागतो. पोछ्याची बादली उघडी सोडू नका, कुत्री त्यात खुशाल तोंड घालतात. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगा, कारण बहुतेक घरांत पुसण्याचं काम त्याच करतात.

खरं सांगायचं तर रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड पुरतं. आमचा खप थोडा कमी होईल, होऊ दे.

'नैसर्गिक' म्हणून पाण्यात कापूर, निलगिरी किंवा सिट्रोनेला तेल घालणारेही बरेच आहेत. मांजराला ही तेलंही बाधतात. कापूर पोटात गेला तर कुत्र्यालासुद्धा झटके येऊ शकतात.

मांजराने कोपऱ्यात लघवी केली असेल तर त्यावर थेट ब्लीच ओतू नका. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच मिळून घातक वायू तयार होतो. आधी पाण्याने पुसून घ्या. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो. पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सना अशा वाफा आपल्या आधी बाधतात, म्हणून बाथरूम धुताना पिंजरा लांब न्या.

लाळ गळणं, तोंड पंजाने घासणं, खाणं सोडणं, झोकांड्या खाणं, यातलं काही दिसलं तर पंजे आणि अंग कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवा, प्राण्याला टॉवेलात गुंडाळा, म्हणजे तो पुन्हा चाटणार नाही, आणि थेट पशुवैद्यांकडे जा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जाळणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, शिवाय फेस फुप्फुसात जाण्याची भीती असते.

जाताना बाटली सोबत न्या, कारण डॉक्टर आधी विचारतात, आत काय होतं? यासाठीच सुटं लिक्विड आम्ही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून देत नाही. घटकांचं लेबल लावलेला आमचा कॅन घ्या, रिकामा परत आणलात की त्यातच भरून मिळेल.